छपराखालचं उड्डाण

१

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट शेड. पुढे रस्त्याकडे उघडणारं शटर, मागे फोमचे थर आणि काथ्याचे गठ्ठे, मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल. सोफे, गाद्या, गाड्यांच्या सीटा नव्याने भरायच्या, हे आमचं काम. वडिलांनी ते केलं, त्यांच्यानंतर मी. आई-वडील गेल्यावर घरात दोघंच उरलो, मी आणि माझा धाकटा भाऊ. शेडच्या वरच्या दोन खोल्यांत आमचा संसार. तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायचा. लहानपणी भिंत दिसली की तिच्यावरून उडी मारायचा, म्हणून त्याला सगळे टोळ म्हणायचे. पस्तिशी ओलांडली तरी नाव सुटलं नाही, खोडही सुटली नाही.

त्याला पॅराग्लायडिंगचं वेड लागलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जायचं, पाठीवर पंखाचं गाठोडं घेऊन कड्याच्या टोकाला पळत सुटायचं आणि पाय जमिनीवरून सुटले की पाखरासारखं तरंगायचं. परत आला की चेहरा धुतल्यासारखा दिसायचा. मी कुरकुरायचे, पण मनातून बरं वाटायचं. दारू नाही, पत्ते नाहीत, हवाच खातोय बिचारा.

त्या वर्षी त्याने परदेशात उडायला जायचं ठरवलं. शिकवणारे मास्तर सोबत असणार होते. पासपोर्ट आले, सुट्टी मंजूर झाली, बेतायच्या टेबलावर माझ्या कापडाऐवजी डोंगराचा नकाशा पसरला. नवा हार्नेस आला. हार्नेस म्हणजे ज्यात बसून उडतात ती पट्ट्यांची खुर्ची. ती आधी टांगून, तीत बसून, पट्टे अंगाबरोबर जुळवून घ्यावे लागतात. आमच्या शेडमध्ये जड सोफे उचलायला लोखंडी तुळई आहे, तिला हूक आहे. हार्नेस तिथेच टांगला.

"ताई, याच्या बुडाला एक जास्तीचं अस्तर लावून दे ना," टोळ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी तो खाली काढून उलटा केला आणि थबकले. बुडाचं कापड फाटलं होतं. घासून नाही, आपटून. आतला फोम जागोजागी दबला होता, काही ठिकाणी मुठीएवढे खड्डे. मी आयुष्यभर बसून बसून दबलेला फोम पाहिलाय. तो वरून दबतो. हा खालून मार खाल्लेला होता.

"आपटलास कुठे?"

"अजून बाहेर कुठे नेलाय? हुकावरच तर आहे. काल बसून पट्टे जुळवले, तेवढंच."

कंपनीनेच सदोष माल पाठवला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. नवा फोम भरला, जाड रेक्झीन चढवलं आणि विषय संपवला.

२

तिकडच्या डोंगराखाली एक माणूस उडणाऱ्या पाहुण्यांसाठी घर चालवायचा. मास्तर त्याला यजमान म्हणायचे, म्हणून आम्हीही. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला. दोन्हीकडे अर्धवट येणाऱ्या तिसऱ्या भाषेत काम चालायचं. मी इथे त्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगते आहे. मऊ आवाजाचा माणूस होता. आजारी माणसाजवळ बसून बोलतात तसा बोलायचा.

त्याची एक पद्धत होती. तिकडे वारा अवघड, उतरायला जागा चिंचोळी, म्हणून येणाऱ्याने आधी घरी बसून ते उड्डाण पाठ करायचं. हार्नेस टांगायचा, डोळे मिटायचे, आणि तो फोनवरून सगळी वाट सांगणार. आता पळ. आता पाय सुटले. डावीकडे खडक आहे, अंग डावीकडे टाक.

"चांगली रीत आहे," मास्तर म्हणाले. "मीही असंच शिकलो होतो." मास्तर पन्नाशीचे, अंगाने काटक. चालताना मान पुढे काढून चालायचे, ओझं उचलल्यासारखे. स्वभावाने भला माणूस.

रोज संध्याकाळी मशीन बंद केलं की मास्तर येऊन बसायचे आणि कारखान्याच्या मोबाईलवर यजमानाचा फोन यायचा. आवाजाचाच, चित्र नाही. मी बाजूला बसून काज शिवायचे नाहीतर खिळे वेगळे करायचे. हुकाला लटकलेला माझा भाऊ डोळे मिटून डावी-उजवीकडे झुकतोय आणि टेबलावरचा मोबाईल त्याला डोंगर दाखवतोय, हे बघून मला पहिल्या दिवशी हसू आवरेना.

"पाय उचल," यजमान म्हणाला. "खाली लोंबतायत."

मी पाहिलं, टोळचे पाय खरंच लोंबत होते. त्याने उचलले.

मास्तरांना मी विचारलं, "त्याला कसं कळलं?"

"नवशिक्यांचे सगळ्यांचेच लोंबतात."

पटण्यासारखं होतं. मी मान खाली घालून खिळे निवडत राहिले. तेवढ्यात तो आवाज आला. धप्प. जुनी गादी झोडपताना येतो तसा, भरीव आणि जवळचा. हार्नेस जरा उसळला. टोळने ओठ आवळले, पण डोळे उघडले नाहीत.

"खाली बघू नकोस," यजमान म्हणाला. "उंच राहा."

पुन्हा धप्प. मी वाकून हार्नेसच्या खाली पाहिलं. फरशी, कापडाच्या चिंध्या, माझीच चप्पल. बाकी काही नव्हतं.

३

त्याच्या पायावरचे डाग मला आंघोळीनंतर दिसले. पोटऱ्या, मांड्यांची मागची बाजू, टाचा. काळेनिळे, गोल, काहींच्या मधोमध कातडी फुटलेली. समोरून एकही नाही.

"हे काय?"

"दुकानात स्टुलावर आपटलो."

"टाचेच्या खालून आपटलास?"

त्याने पायजमा खाली ओढला आणि चहा मागितला. पुढे काही बोलायचं नाही, असा त्याचा चेहरा होता. मी हळद लावायला गेले तर त्याने माझा हात झटकला. कधी झटकला नव्हता.

त्या संध्याकाळी मी मास्तरांना म्हटलं की आज मी त्याला धरून बसते. मास्तर म्हणाले, तुम्ही नको, मी धरतो. त्यांनी टोळच्या गुडघ्यांना हात लावला आणि यजमानाने सुरुवात केली. पळ, पाय सोड, खडकावरून वळ. खडक ओलांडेपर्यंत सगळं नीट होतं. मग एकदम टोळचं अंग वर फेकलं गेलं, जणू कुणी खालून लाथ घातली. त्याचा बूट मास्तरांच्या तोंडावर बसला. मास्तर टेबलाला धडकून खाली पडले. कात्री, खडू, नकाशा सगळं त्यांच्यावर. ते उठले तेव्हा हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. तळहातावर त्यांनी स्वतःचा दात धरला होता.

वर टोळ लाथा झाडत होता. मिटल्या डोळ्यांनी, दातओठ खात, अंगावर कुत्री धावून आल्यासारख्या. साखळी करकरत होती. एक लाथ शिवणाच्या मशीनला लागली आणि तिचा दिवा फुटला.

"बंद करा तो फोन," मी ओरडले.

मास्तर हलले नाहीत. दात मुठीत धरून उभे राहिले.

"जवळ कोणी बाई आहे," यजमान शांतपणे म्हणाला. "तिला मागे व्हायला सांगा. तिला लागेल."

मी बोलले होते, ते त्याने ऐकलं असणार. फोन चालूच होता. बाई आहे हे आवाजावरून कुणालाही कळेल. मी हे सगळं त्याच क्षणी मनात जुळवलं, आणि तरीही मागे सरकले.

४

"जायचं नाही," मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगून टाकलं. "तिकिटं बुडाली तर बुडाली."

टोळ बूट घालत होता. "तुला काय झालं आता?"

"पायांकडे बघ तुझ्या. मास्तरांच्या तोंडाकडे बघ. तिकडे न जाताच ही दशा, तिकडे गेल्यावर काय होईल?"

"ताई, तू आयुष्यात कधी जमिनीवरून पाय उचललेस का? तुला काय कळणार त्यातलं."

"नाही उचलले. तुला दोन वेळचं गिळायला मिळावं म्हणून नाही उचलले."

हे मी बोलायला नको होतं. त्याने हातातला बूट भिंतीवर भिरकावला. मग कपबशी. मग उठून माझं मनगट धरलं आणि असं पिरगाळलं की मी गुडघ्यावर आले. हा तोच, ज्याने झुरळ मारायलासुद्धा कधी चप्पल उचलली नाही. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं. डोळे लाल, आणि त्यांत राग नव्हता. भीती होती. धरलेल्या मुलाच्या डोळ्यांत असते तशी.

"मला वरच राहायचंय," तो म्हणाला. "खाली आलो की ते मारतात."

"कोण?"

त्याने हात सोडला. माझ्या मनगटाकडे पाहिलं, जिन्यावर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. पाठ वाकवून बसला होता. मी खूप वेळ त्याच्या शेजारी बसले. पाठीवरून हात फिरवायला गेले तर तो अंग चोरून दूर सरकला.

"तिथे हात लावू नको," म्हणाला.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर हो म्हणाला. अगदी सहज, शहाण्यासारखा. पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ, म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्यांचं विमान होतं.

५

माझी समजूत अशी होती की दोष हुकाचा आहे. तुळईत कुठेतरी ढिलाई असेल, ताण पडला की झटका बसत असेल, झटक्याने पट्टे मांड्यांत रुतत असतील. धंद्यातल्या माणसाला असंच सुचतं. वस्तू बिघडली म्हणजे कुठेतरी टाका उसवलाय.

टोळ त्या दिवशी विम्याच्या कामासाठी मास्तरांबरोबर गेला होता आणि यायला उशीर होणार होता. कारागिरांना सुट्टी होती. दुपार कलली तेव्हा मी शटर अर्धं ओढलं, स्टुलावर चढले, हार्नेसमध्ये बसले आणि पट्टे आवळले. काही झालं नाही. मी मुद्दाम हिसके दिले. हूक पक्का होता. लटकलेली पोक्त बाई, खाली स्टूल, समोर अर्धवट भरलेला सोफा. कुणी पाहिलं असतं तर जन्मभर चेष्टा झाली असती.

फोन वाजला. मोबाईल टेबलावरच होता, हात पोचण्यासारखा. मी उचलला, स्पीकर लावला आणि काही बोलले नाही.

तिकडून थोडा वेळ वाऱ्याचा आवाज आला.

"आज हलका आहेस," यजमान म्हणाला.

आवाजावरून ओळखायला मी आवाजच काढला नव्हता.

"बरं. डोळे मीट. पळ."

मी डोळे मिटले. का मिटले, ते अजून सांगता येत नाही. तो सांगत गेला आणि पायांखालचं स्टूल कुठे गेलं, मला कळलं नाही. तोंडावर थंड वारा लागला. आमच्या शेडमध्ये फेविकॉल आणि काथ्याचा वास असतो, तो गेला. ओल्या गवताचा आला. डावीकडे काहीतरी मोठं, गार असं सरकत गेलं. तो खडक असावा. मला गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की माझा भाऊ सुट्टीच्या दिवशी कुठे जातो.

मग खांद्यांवर भार आला. आधी वाटलं, पट्टे. पण पट्टा ओढतो तो खालून वर. हा भार वरून बसला, हळूच, ऐसपैस, बसायची जागा नीट चाचपून. मानेमागे ऊब जाणवली.

"आता ठीक," यजमान म्हणाला. "खाली बघू नकोस."

मी डोळे उघडले आणि खाली पाहिलं.

फार वेळ पाहिलं नाही. एक उतार दिसला, गवताचा. त्यावर माणसं उभी होती, माना वर करून. पुष्कळ माणसं. सगळ्यांच्या हातांत दगड होते. त्यातली एक बाई माझ्याच वयाची होती, तिचा हात मागे गेलेला होता, आणि ती रडत होती. हमसाहमशी रडत तिने तो दगड माझ्याकडे भिरकावला.

तो माझ्या गुडघ्याच्या मागे लागला. मी किंचाळले, पट्ट्याची कडी सापडली ती ओढली, आणि सोफ्याच्या उघड्या स्प्रिंगांवर तोंडघशी पडले. शेडमध्येच होते. फोन बंद झाला होता. पाय वाकवता येईना. कातडी फुटून पोटरीवरून रक्त वाहत होतं. स्प्रिंग लागली, मी मोठ्याने म्हणाले. स्प्रिंगच लागली.

स्प्रिंग माझ्या तोंडाला लागली होती. गुडघ्याच्या मागे काही लागायला तिथे काही नव्हतंच.

६

दुसऱ्या दिवशी मी लंगडत मास्तरांच्या घरी गेले. एका खोलीचं घर, नीटनेटकं, भिंतीवर डोंगरांचे फोटो. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. मी जे पाहिलं ते सांगितलं. माझं मलाच वेड्यासारखं वाटत होतं. त्यांनी हसून उडवून लावावं, अशी माझी फार इच्छा होती.

ते हसले नाहीत.

"तिथली माणसं वाईट नाहीत," ते म्हणाले. पडलेल्या दातामुळे शब्द फुसफुसत होते.

"दगड मारतात आणि वाईट नाहीत?"

"मी तिथे तरुणपणी उडालो होतो. त्यांनी माझ्यावरही मारले. मी उंच राहिलो. यजमान सांगत होता तसा."

"मग उतरलात कसे?"

मास्तरांनी भिंतीवरचा एक फोटो सरळ केला. "ते मला आठवत नाही," म्हणाले. "उडाल्याचं आठवतं. उतरल्याचं आठवत नाही."

"मग माझ्या भावाला कशाला नेताय?"

"मी नेत नाही हो." त्यांनी मान आणखी पुढे काढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझं मन नाहीच. पण सकाळी उठलो की पाय तिकडेच वळतात."

मी निघाले. जिन्यावरून मागे वळून पाहिलं तर ते दारात उभे होते आणि एक हात वर करून स्वतःच्या मानेमागे, हळूहळू, मांजराला कुरवाळावं तसं कुरवाळत होते.

७

घरी येऊन मी हार्नेस जाळायचं ठरवलं होतं. पायामुळे जिना, रिक्षा, रस्ता सगळ्याला वेळ लागला. पोचले तेव्हा शटर खाली ओढलेलं होतं आणि आतून धप्प धप्प आवाज येत होता. एकामागून एक, न थांबता. आमचे दोन कारागीर मिळून काथ्या झोडपतात तसा.

शटर वर केलं. टोळ हुकाला होता. फोन टेबलावर, चालू. त्याचं कपाळ फुटलं होतं, रक्त भुवयांवरून गळत होतं. प्रत्येक आवाजासरशी अंग उसळत होतं. एकदा हनुवटीला खालून काहीतरी बसलं आणि त्याचे दात कडकन एकमेकांवर आपटले. तुळईचा हूक वाकला होता. तो हूक मी तीन माणसांचा सोफा लटकवून पारखलेला.

"उंच राहा," यजमान सांगत होता, मऊ आवाजात. "आणखी थोडं. आता दोघंही पोचाल."

मी टोळचे पाय धरून खाली ओढले. तो खाली येईना. माझ्या छातीएवढ्या उंचीवर होता आणि मी सगळा जोर लावूनही तसूभर सरकेना. त्याने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हा जसा ओरडला होता, तसा ओरडला, "ताई, काढ मला."

मोठी कात्री घेऊन मी त्याच्या अंगावरचे पट्टे कापले. आधी डावा, मग उजवा. जाड विणीचे पट्टे, पण माझी कात्री चामडं कापते.

तो फोमच्या थरांवर पालथा पडला. दोन हात उंचीवरून, मऊ फोमवर. सुटला, असं मला वाटलं. पुढचा श्वास घेईपर्यंत मार सुरू झाला.

मी जे पाहिलं ते सांगते. तिथे आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. त्याच्या आजूबाजूच्या फोममध्ये खड्डे पडत होते आणि आपोआप भरत होते, पावलांसारखे. सदऱ्याची पाठ फाटली. कातडीवर आधी पांढरा, मग लाल, मग काळा ठसा उठायचा. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुक्या वेतासारखा. तो हात वर करायचा आणि हात परत खाली दाबला जायचा. जितके घाव बसले त्यातले बहुतेक पाठीवर, खांद्यांच्या मधोमध. फोनमध्ये यजमान आता कुणा दुसऱ्यांशी बोलत होता, त्याच्या भाषेत. आवाज पहिल्यांदाच चढला होता. विनवत होता की धमकावत होता, मला कळलं नाही.

मी टोळच्या अंगावर आडवी पडले. पाखरू पिलावर पसरतं तशी, हात-पाय पसरून. मार थांबला. ताबडतोब थांबला, कुणी उगारलेला हात जागीच आवरावा तसा.

मी तशीच पडून राहिले. त्याचा श्वास चालू आहे की नाही, ते बघत होते. माझी छाती वरखाली होणाऱ्या कशावर तरी टेकली होती. भरगच्च, ऊबदार, चांगल्या भरलेल्या उशीसारखं. हार्नेसची पाठीमागची गादी, असं मी समजले.

उठले तेव्हा पाहिलं. हार्नेस वर हुकालाच लटकत होता.

८

"किती जण होते?" इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोण?"

"ज्यांनी याला मारलं ते. एका माणसाचं हे काम नाही. आम्ही सगळे डॉक्टर जखमा बघून हेच सांगतो आहोत."

मी म्हटलं, पडला. त्यांनी माझ्या तोंडावरच्या स्प्रिंगच्या ओरखड्यांकडे पाहिलं, मनगटावरच्या डागाकडे पाहिलं, आणि आवाज बदलून विचारलं, "तो तुम्हाला मारायचा का?"

पोलीस आले. शेजाऱ्यांनी कपबशा फुटल्याचं, ओरडण्याचं सांगितलं होतं. रक्ताळलेली कात्री त्यांनी पिशवीत घातली. हवालदार खोलीबाहेर बाकावर बसवला, आणि मला बजावलं की भेटायला या, पण गाव सोडू नका. मास्तरांना बोलवा म्हटलं तर त्यांची खोली उघडीच सापडली. पंखाचं गाठोडं नव्हतं. विमान दोन दिवसांनी होतं, पण ते वाट बघत बसले नव्हते.

९

टोळ शुद्धीवर आला तेव्हा दुपारची भेटायची वेळ होती. एका डोळ्यावर पट्टी, बरगड्यांना आवळपट्टा, जबडा सुजून दुप्पट. डॉक्टरांनी त्याला कुशीवर झोपवलं होतं, पाठीवर निजता येत नव्हतं म्हणून. मी त्याचा हात हातात घेतला. रडू आलं ते येऊ दिलं.

"मी उशिरा आले रे," मी म्हटलं. "आधीच यायला हवं होतं. तुला इतका मार खाऊ दिला."

त्याने बोटं हलवली. जवळ ये, म्हणून. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मला नव्हते मारत," तो म्हणाला. एकेक शब्दाला थांबत होता. "ताई. ते मला नव्हते मारत."

"तू बोलू नको आता."

"माझ्यावर बसलंय त्याला मारत होते. पाडायला बघत होते. मी खाली आलो तेव्हा त्यांना सापडलं ते. सुटत आलं होतं." तो दम खायला थांबला. "तू मध्ये आलीस."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर हवालदार कुणाशी तरी घरच्या नळाबद्दल बोलत होता. मला ती उतारावरची बाई आठवली, दगड मारताना रडणारी. तिचाही कुणी भाऊ असेल. नाहीतर मुलगा.

मार लागलेला माणूस काहीही बडबडतो, हे मला माहीत होतं. औषधांची गुंगी असते. डोक्यालाही लागलं होतं. मी हे सगळं मनात म्हटलं. आणि मग पलंगाकडे पाहिलं. मी गाद्यांची कारागीर आहे. माणूस झोपला की गादी किती दबते, ते मला डोळे मिटून सांगता येतं. टोळ हाडकुळा आहे. त्याच्याखाली ती गादी पार लोखंडाला टेकली होती, आणि त्याच्या पाठीमागे, जिथे चादर मोकळी होती, तिथेही ती दबलेली होती.

"कुठे?" मी विचारलं.

"डाव्या खांद्याच्या खाली. तिथे धरून बसलंय."

"तुझ्या बरगड्या मोडल्यात. मी मारलं तर मरशील."

"असंही ते नेणारच आहे," तो म्हणाला. त्याचा उघडा डोळा माझ्यावर रोखलेला होता. "दुसरं कोण आहे ताई मला?"

मी उठून दाराला आतून कडी लावली. हवालदाराचं बोलणं थांबलं. मी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, पलंगाच्या पलीकडे गेले, आणि मूठ वळली. काथ्या कुटून कुटून माझा हात पुरुषी झालाय, लग्नाच्या वयात मला त्याची लाज वाटायची. बाहेरून दार वाजवायला लागले. मी हात मागे नेला.

पहिल्या घावाला माझा भाऊ ओरडला. दुसऱ्या घावाला जे ओरडलं तो माझा भाऊ नव्हता.

मी थांबले नाही.